कात टाकताना टॅरँट्युलाचा पाय जुन्या कातीत अडकला आहे, काय करावे?

चिली रोझ टॅरँट्युला (पाळला जाणारा एक मोठा, केसाळ कोळी) पाठीवर उलटा पडून कात टाकतो आणि यात कित्येक तास जाऊ शकतात. तो मेला असे समजून त्याला हात लावू नये. मात्र हालचाल थांबून बराच वेळ झाला आणि पाय अडकलेलाच असला, तर मऊ कुंचल्याने तेवढ्याच भागावर कोमट पाणी लावून कात भिजू द्यावी. पोटाखालच्या श्वसनछिद्रांत पाणी जाऊ देऊ नये. पाय ओढणे तर फारच धोक्याचे, कारण नवे कवच अजून मऊ असते आणि ते फाटल्यास रक्तद्रव वाहून जीव जाऊ शकतो. खाद्य म्हणून सोडलेले जिवंत रातकिडे ताबडतोब बाहेर काढावेत, पाण्याची वाटी भरलेली ठेवावी, आणि पांढरट सुळे पुन्हा काळे होईपर्यंत खाद्य देऊ नये. पाय गमावलाच, तरी पुढच्या काही कातींमध्ये तो पुन्हा वाढतो.