स्टेल ऑब्जेक्ट शिळा असतो, कालबाह्य नसतो

प्रश्न आलाय तो असा: "कंपनीत हायबरनेट शिकवण्यासाठी मराठीत टिपणं लिहितोय. कॅश म्हणायचं, कॅशे की कॅचे? आणि तो कॅशे की ती कॅशे? स्टेल ऑब्जेक्टला आम्ही 'कालबाह्य वस्तू' केलंय, ते चालेल ना?" (हायबरनेट म्हणजे जावा प्रोग्रॅममधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या टेबलातल्या ओळी, म्हणजे रो, यांची सांगड घालणारी लायब्ररी. ऑब्जेक्ट ही इथे रोची मेमरीतली प्रत, आणि कॅशे म्हणजे परत परत लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा.)

नाही चालणार. बाकीचं नंतर बघू, आधी ते कालबाह्य काढा तिथनं. हा शब्द इतक्या डॉक्युमेंटात आणि इतक्या स्क्रीनवर बघितलाय की आता नुसता दिसला तरी दात शिवशिवतात. कालबाह्य म्हणजे ज्याचा जमाना गेला ते. तार कालबाह्य झाली, २०१३ मध्ये ती सेवाच बंद केली. पेजर कालबाह्य झाला. तुमच्या मेमरीत जो सभासदाचा ऑब्जेक्ट पडलाय तो अडीच मिनिटांपूर्वी डेटाबेसमधून वाचलाय, त्याचा कसला जमाना गेला? मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी ती रो बदलली आणि तुमच्या हातात आधीची प्रत राहिली, एवढंच झालंय.

एका ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो तेव्हा तिथे हायबरनेटचं स्टेल ऑब्जेक्ट स्टेट एक्सेप्शन, म्हणजे हातातली प्रत जुनी झाल्याची एरर, भाषांतर करून थेट स्क्रीनवर सोडलं होतं, 'वस्तू कालबाह्य झाली आहे'. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला, "अहो, मी कालच आलेल्या पाईपची नोंद करतेय, पाईपला कुठली एक्स्पायरी?" त्यांचं काय चुकलं सांगा. (आणि ऑब्जेक्टला वस्तू म्हणणं हा वेगळा गुन्हा, त्यावर परत कधीतरी.) तिथे खरं तर 'तुम्ही हा फॉर्म उघडल्यानंतर दुसऱ्या कुणीतरी ही माहिती बदलली आहे, पुन्हा उघडून बघा' एवढं साधं वाक्य हवं होतं.

कॅशेचं पटकन उरकतो. मूळ फ्रेंच क्रियापद लपवणे या अर्थाचं, नाम म्हणजे लपवून ठेवायची जागा, कॅनडात फरचा व्यापार करणारे शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधा पुरून ठेवायचे ती. कॉम्प्युटरमध्ये हा शब्द रुळला तो आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ पासून, साल १९६८, त्याआधी त्याला हाय स्पीड बफर म्हणत होते. इंग्रजी उच्चार कॅश, अगदी रोख रकमेच्या कॅशसारखा, पण ती कॅश पेटीवरून आली, लॅटिन काप्सा, दोघींचा काही संबंध नाही. मराठीत फोनच्या सेटिंगपासून सगळीकडे 'कॅशे साफ करा' रुळलंय, शुद्ध नसलं तरी रोकडीशी घोळ होत नाही म्हणून मी लिहिताना कॅशेच लिहितो. कॅचे मात्र कुठल्याच भाषेत नाही.

आता स्टेल. शब्द घरात पडलाय आणि लोक कोश उघडून बसतात. शिळं!

संस्कृत शीतल, प्राकृतात सीअल, मराठीत शिळा. म्हणजे मुळात अर्थ थंड झालेलं, बस्स. कुजलेलं नाही, आंबलेलं नाही, चुलीवरून उतरलं आणि गार झालं ते शिळं. पुरावा हवा तर श्रावणात बघा, शीतला सप्तमीला आपण शिळासप्तमी म्हणतो आणि त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधलेलं खातात, देवीचं नाव आणि भाताचं विशेषण एकाच शब्दातून आलेलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

इथे काही जण छातीठोकपणे सांगतात की शिळा हा शिला म्हणजे दगडावरून आला, शिळी भाकरी दगडासारखी होते म्हणून. यांच्या घरी शिळं पाणी नसतं का? काल भरून ठेवलेल्या हंड्यातलं पाणी शिळं, ते काय दगड होतं? शिळा भात? शिळी बातमी? ज्वारीची भाकरी वाळली की कडक होते, त्या एका भाकरीवर अख्खी व्युत्पत्ती उभी केली आहे या मंडळींनी. अहिल्येची शिळा वेगळी, ती शिलेवरून आलेलं नाम, उच्चार जुळला म्हणून लगेच सोयरीक जुळवायची नसते.

दुसऱ्या टोकाला संस्कृतवाले, त्यांना शिळं म्हणजे फारच स्वयंपाकघरातलं वाटतं, ते पर्युषित सुचवतात. पर्युषित म्हणजे रात्र काढलेलं. बरं, गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहारात हा शब्द येतो आणि त्याच श्लोकात आणखी एक येतो, यातयाम, ज्याचा याम उलटला ते, आणि याम म्हणजे प्रहर, तीन तास. अहो हे तर सरळ टाइम टू लिव्ह झालं, कॅशेतली नोंद किती वेळ चालवायची ती मुदत! कॅशेच्या कॉन्फिगरेशनमध्ये १०८०० सेकंद टाकले की झाला यातयाम. शब्द झकास आहे, पण म्हणूनच तो स्टेलला लावायचा नाही. यातयाम घड्याळावर ठरतं, स्टेल घड्याळावर ठरत नाही. मुदत संपली पण डेटाबेसमध्ये तीच रो तशीच आहे, तर तो ऑब्जेक्ट मुदत संपलेला आहे पण शिळा नाही. आणि कॅशेत येऊन दोनच सेकंद झाले, तिकडे कुणी रो बदलली, की झाला शिळा. पोळ्यांच्या डब्यात बघा ना, सकाळच्या पोळ्यांना दुपारी कुणी शिळ्या म्हणत नाही, संध्याकाळी वरून ताज्या पडल्या की त्या क्षणी खालच्या शिळ्या होतात. हा अर्थ कालबाह्यमध्ये नाही, पर्युषितमध्येही नाही, तो शिळंमध्येच आहे.

इंग्रजी स्टेलचीही गंमत सांगतो. तो मुळात बिअरसाठीचा शब्द, आणि चांगल्या अर्थाचा, उभी ठेवून गाळ खाली बसलेली, नितळ. म्हणजे त्यांचं उभं राहिलेलं, आपलं गार झालेलं. आणि माझ्या मते आपलं जास्त बरोबर बसतं, कारण हायबरनेटमध्ये नेमकं हेच होतं. सेशन, म्हणजे हायबरनेटची डेटाबेसबरोबरची एक बैठक, ती चूल धरा. सेशन चालू आहे तोवर ऑब्जेक्ट चुलीवर, तुम्ही त्यात काही बदललं की हायबरनेटला कळतं आणि फ्लश होताना, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसला पाठवताना, तो अपडेट मारतो, एकाच सेशनमध्ये त्याच आयडीने दोनदा मागितलात तरी क्वेरी एकदाच जाते आणि तोच ऑब्जेक्ट परत मिळतो. ही फर्स्ट लेव्हल कॅशे, तिला वेगळं चालू करावं लागत नाही आणि बंदही करता येत नाही. सेशन मिटला की ऑब्जेक्ट डिटॅच्ड, म्हणजे सुटा, चुलीवरून खाली. तिथून पुढे तो गारच होत जाणार. (चूल चालू असतानाही आतलं शिळं असू शकतं, रिफ्रेश मारेपर्यंत सेशन जुनीच प्रत देत बसतो, हे मला माहितीये, कुणी लगेच सांगायला येऊ नका, पेटलेल्या चुलीच्या कडेला ठेवलेला भातही गार असतो.)

आणि मग मर्ज, म्हणजे तो सुटा ऑब्जेक्ट परत नव्या सेशनमध्ये मिसळणं. सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाने सकाळी सभासदाचा फॉर्म उघडला आणि चहाला गेला. तेवढ्यात दुसरीने त्याच सभासदाचा फोन नंबर बदलून सेव्ह केला. पहिला परत आला, आडनावातली वेलांटी दुरुस्त केली, सेव्ह दाबलं. मर्ज करताना हायबरनेट सुट्या प्रतीतले सगळेच व्हॅल्यू चढवतो, फक्त तुम्ही बदललेले नाही, त्यामुळे वेलांटीबरोबर जुना फोन नंबरही परत जाऊन बसला, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. याला मराठीत नाव आहे की, शिळ्या कढीला ऊत! म्हणून कोडमध्ये खूण म्हणून लावायचं ते व्हर्जन नावाचं अ‍ॅनोटेशन असतं, रोबरोबर एक आकडा ठेवायचा, अपडेट करताना 'जिथे व्हर्जन ७ आहे तिथेच' असं म्हणायचं, तिकडे ८ झालेलं असेल तर एकही रो अपडेट होत नाही आणि मग ते एक्सेप्शन येतं ज्याला तुम्ही कालबाह्य म्हणताय. कढी उतू जायच्या आधी गॅस बंद केला त्याने, आभार माना त्याचे.

एक सावधगिरी. कोल्ड कॅशेला शिळी कॅशे म्हणायचा मोह होईल, व्युत्पत्ती बघता बरोबर वाटेल, पण कोल्ड कॅशे म्हणजे नुकताच सर्व्हर चालू केलाय आणि आत काहीच नाही. तिला सरळ रिकामी म्हणा.

सेकंड लेव्हल कॅशेला मात्र शिळंपेक्षा वाळवण जवळचं. ही मी बळंच ओढूनताणून आणलेली उपमा नाही, हायबरनेटवाले स्वतःच डीहायड्रेटेड म्हणतात! सेशनच्या बाहेर, सगळ्या सेशनना सामायिक अशा या कॅशेत अख्खा ऑब्जेक्ट ठेवत नाहीत, त्याचे कॉलमचे कोरडे व्हॅल्यू तेवढे ठेवतात, आणि कुणी मागितला की त्यातून नवा ऑब्जेक्ट फुलवतात, कुरडई तेलात टाकावी तसा. म्हणून दोन सेशननी तीच रो मागितली तर दोघांना वेगवेगळे ऑब्जेक्ट मिळतात. क्वेरी कॅशेत, म्हणजे क्वेरींची उत्तरं ठेवायच्या कॅशेत, जुन्या हायबरनेटमध्ये तर तेही नसायचं, एंटिटीची (टेबलाशी जोडलेल्या ऑब्जेक्टची) क्वेरी असेल तर नुसत्या आयडींची यादी, सामान आणलेलंच नाही, वाण्याची चिठ्ठी तेवढी खिशात. मग एकेका आयडीसाठी डेटाबेसच्या फेऱ्या आणि 'कॅशे चालू करूनही स्लो का' अशी विचारणा.

वाळवण टिकतं म्हणून वर्षानुवर्षं त्याकडे बघायचंच नाही असंही नाही. आमच्याकडे जिल्ह्यांचं टेबल या कॅशेत होतं, रीड ओन्ली, कारण जिल्ह्यांची नावं कुठे रोज बदलतात, ३६ रो, झालं. मग २०२३ आलं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. कुणीतरी रात्री थेट डेटाबेसमध्ये शिरून एसक्यूएलने नावं बदलली. हायबरनेटला वळसा घालून केलेला बदल हायबरनेटला कसा कळणार? चार सर्व्हर, प्रत्येकाच्या मेमरीत स्वतःची कॅशे, त्यातले दोन दुसऱ्याच कारणासाठी रिस्टार्ट झालेले. पेज उघडलं तर धाराशिव, रिफ्रेश केलं तर उस्मानाबाद, परत केलं तर धाराशिव. सकाळी दोन जण डेटाबेसमध्ये कोण लुडबुड करतंय ते शोधत होते, तिसऱ्याने उरलेले दोन सर्व्हर रिस्टार्ट केले आणि डबा खायला गेला.

आणि आता जे सांगण्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते. हायबरनेट हा शब्दच बघा. लॅटिन हिबेर्नुस, हिवाळ्याचं. त्याच्या मागे हिएम्स, हिवाळा. आणि हे आपल्या हिम आणि हेमंतचे सख्खे चुलत, एकाच इंडोयुरोपीय मुळाचे. म्हणजे तुम्ही जी लायब्ररी वापरताय तिचं नाव हेमंताच्या कुळातलं, आणि तिच्यात गार होऊन पडलेल्या ऑब्जेक्टला मराठीने शीतलवरून केलेलं शिळा हे नाव! शीत आणि हिम हे धातूने वेगळे आहेत, मी त्यांना एक करत नाहीये, पण गारठा तोच ना. अशी जागा सोडून लोक तिथे कालबाह्य ठेवतात, याला काय म्हणावं.

तुमच्या टिपणात 'शिळा ऑब्जेक्ट' लिहा, 'मुदत संपलेली नोंद' वेगळी लिहा, दोन्ही एकाच शब्दात कोंबू नका. लिंगाचं राहिलंच. ती कॅशे. आमच्याकडे सगळे ती म्हणतात, एक जण तो म्हणायचा, त्याने नोकरी सोडली.