कडकनाथच्या पिल्लांमध्ये नर-मादी कशी ओळखायची? टोकदार अंड्यातून नरच निघतो का?

प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं, तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते. पिल्लं सहा आठवड्यांची आहेत, कडकनाथ ही काळ्या कोंबड्यांची जात म्हणून तुरे सगळ्यांचेच काळपट, काही कळत नाही, इथपर्यंत ठीक. पण पुढे तुम्ही विचारलंय की घरातली मोठी माणसं म्हणतात टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, तर पुढच्या खेपेला अंडी तशी निवडावीत का. नका निवडू. हा उद्योग मी इंदूरला आमच्या गच्चीवर करून बसले आहे.

आमचे एक चुलत सासरे ग्वाल्हेरचे, लष्करातले. लष्कर म्हणजे फौज नव्हे, तिथली वस्ती. गणपतीला आले की आठ दिवस मुक्काम आणि प्रत्येक विषयात शेवटचा शब्द त्यांचा. मी तेव्हा नुकतीच मध्य प्रदेशातल्या झाबुआहून, कडकनाथच्या मूळ गावाकडून, बारा पिल्लं आणली होती. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, दहा माद्या, दोन नर. चार महिन्यांनी पहाटे साडेचारला सात जण आरवायला लागले, आणि शेजारच्या वहिनींनी आमच्याशी बोलणं टाकलं. काका म्हणाले, "सूनबाई, अंडी पारखून घेतली असतीस तर ही वेळ आली नसती. टोक बघायचं टोक."

मी काही बोलले नाही. पुढच्या थंडीत आमच्याच कोंबड्यांची चोवीस अंडी जमवली. बारा अगदी टोकदार, बारा लिंबासारखी. कडकनाथ कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, नीट बसत नाही, खुडूक होण्याचं अंगच नाही तिला, म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून घरगुती इनक्युबेटर केला. साडेसदतीस अंश, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. मध्ये पुठ्ठ्याची भिंत घातली, दोन्हीकडची पिल्लं मिसळू नयेत म्हणून. पिल्लं निघाल्यावर टोकदारवाल्यांच्या पायात लाल लोकर, गोलवाल्यांच्या पायात पिवळी. हा शहाणपणा मात्र अंगाशी आला. दोन आठवड्यांत पाय जाड झाले आणि लोकर मांसात रुतायला लागली. एक पिल्लू लंगडायला लागलं तेव्हा लक्षात आलं. रात्री नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकोणीस पायांची लोकर कापली, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या सैल होणाऱ्या कड्या आणल्या. तुम्ही खूण करणार असाल तर कड्याच वापरा आणि दर आठवड्याला बघा.

निकाल असा: टोकदार अंड्यांची नऊ पिल्लं जगली, त्यात चार नर, पाच माद्या. गोल अंड्यांची दहा, त्यात सहा नर, चार माद्या. फोनवर काकांना सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मशीनची उष्णता जास्त झाली असेल. चंबळच्या घडियालांचं बघ, उष्णतेवरच नर-मादी ठरते." घडियालांचं खरं आहे, तिथे अंड्यांच्या तापमानावरच ठरतं. पण कोंबडी म्हणजे घडियाल नव्हे. कोंबडीत नर की मादी हे अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं, आणि तेही कोंबडीकडून. माणसात वडिलांच्या बाजूने ठरतं, पक्ष्यांत आईच्या. ही गोष्ट मी काकांना फार चवीने सांगितली, कारण मला दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात माझ्याकडे कोणत्या नजरेने बघितलं गेलं ते मी विसरलेले नाही. असो.

आता तुमची पिल्लं. सहा आठवडे ही वेळ लवकरच आहे. गावरानमध्ये या वयात नराचा तुरा लालसर दिसू लागतो, कडकनाथमध्ये तो जांभळट-काळाच राहतो, म्हणून रंगाकडे बघूच नका. बोटाने चाचपा. नराचा तुरा बुडाशी जाड आणि उभा, मादीचा पातळ, डोक्याला चिकटून असल्यासारखा. नराच्या पायाच्या नळ्या जाड, पाऊल मोठं. शेपटीची पिसं मादीला आधी फुटतात, नर बराच काळ बोडकाच फिरतो. तरीही दहा ते बारा आठवडे थांबाल तर चूक होणार नाही. तेव्हा शेपटीच्या मुळाशी, पाठीवरचं एक पीस बोटांत धरून उजेडाकडे करा. नराचं लांब, निमुळतं, टोकाला अणकुचीदार आणि चकचकीत असतं, मादीचं चमच्यासारखं गोल. निखळ काळ्या पक्ष्यातही हे चुकत नाही.

आमच्या पहिल्या पिल्लांपैकी दोन ज्या बाईंच्या खुराड्यातली होती, त्या भिल्ल बाई सहा आठवड्यांच्या पिल्लाची नुसती चाल बघून सांगायच्या. त्या कडकनाथला कडकनाथ म्हणतही नाहीत, 'काली मासी' म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या या पक्ष्याच्या मांसाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून भाव वधारले आणि 'माद्यांची गॅरंटी' देणारेही वाढले. एक दिवसाच्या पिल्लाची नर-मादी सांगणारा हॅचरीत तयार झालेला तरबेज माणूस असतो, मागचा भाग उलगडून बघतो, आणि तोही चुकतो. बाकीचे थापा मारतात. पंखांची पिसं बघून ओळखायची पद्धत तुम्ही व्हिडिओत बघितली असेल, ती खास जुळवलेल्या संकरित जातींसाठी आहे, शुद्ध कडकनाथला लागू नाही.

हे सगळं शुद्ध पक्ष्यासाठी. पिल्लांत गावरान मिसळलेलं असेल तर माझी खूण चुकू शकते. आणि म्हातारी कोंबडी अंडाशय निकामी झालं की कधी कधी आरवायला लागते, तिच्या पायांना नरासारख्या आरी, म्हणजे काटे, फुटतात, तेव्हा आरवणारा प्रत्येक जण नर असं धरून चालू नका. आणखी एक, कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कोणीतरी नक्की विचारेल. आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवा, बाकीचे आधीच विका, नाहीतर शेजारी गमावाल.

गेल्या गणपतीला काका आले होते. सकाळी उठले आणि स्वयंपाकघरातलं एक अंडं खिडकीशी धरून फिरवत बसले. मग म्हणाले, "हे बघ, नर आहे." मी ते घेतलं, उकडलं आणि मीठ-मिरपूड घालून त्यांच्याच ताटात वाढलं.