दोघांना मिळून एकच सावली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या नकलेचा फोटो काल रात्री बराच वेळ पाहत बसलो. राजा रवि वर्मांचं १८९३ चं ‘देअर कम्स पापा’ हे चित्र तू नकलेसाठी निवडलंस याचा मला फार आनंद झाला. कडेवर मूल घेऊन ‘बाबा आले बघ’ म्हणणारी ती आई म्हणजे त्यांची स्वतःची लेक, महाप्रभा. ज्याची वाट पाहायची तो बाप चित्रात कुठंच नाही, तरी घर पुरं वाटतं.

आता तुझ्या कामाविषयी. आईचा चेहरा छान उतरलाय, बाळाचाही. पण ती दोघं एकमेकांची कुणी लागत नाहीत. तू आधी एक चेहरा पुरा केलास, मग दुसरा घेतलास, तिथंच चूक झाली. बाळाचं अंग आईच्या कुशीला टेकतं ती जागा जवळून बघ. तू तिथं सुरीनं कापल्यासारखी कडा काढली आहेस. दोन्हीकडचा रंग ओला असतानाच कोरडा, मऊ ब्रश त्या कडेवरून एकदाच हलका ओढ. कडा थोडी हरवू दे. सावलीत तर दोघांची अंगं एकच असतात.

रवि वर्मा तरुण असताना थिओडोर जेन्सन या चित्रकारानं त्यांना शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना पाहू दिलं. तेवढ्यावर ते तैलरंग शिकले, कारण कशावर काय चढतं तो क्रम त्यांनी डोळ्यांनी टिपला. आपल्यासमोर चित्रकार नाही. तो क्रम आपल्याला नकलेतूनच शोधावा लागतो.

म्हणून नवा कॅनव्हास घे. चौकोन आखून रेखाटन कर, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, सगळीकडे फिरव आणि उजेडाच्या जागा चिंधीनं पुसून काढ. आई आणि बाळ मिळून एकच गडद आकार दिसायला हवा. डोळे, ओठ, दागिने यांना त्या दिवशी हात लावू नकोस. पुढचे थर चढतील तसं जवसाचं तेल थोडं थोडं वाढव. खाली तेलकट आणि वर पातळ असं कधीच नको. विद्यार्थी असताना मी काळ्या रंगात भरपूर तेल घालून पार्श्वभूमी केली आणि घाईनं वर पातळ रंग दिला. दोन वर्षांत चित्राला तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या. अंबर लवकर सुकतो, काळा फार रेंगाळतो. त्यात तुमच्या खानापूरचा पाऊस! बोटाला चिकटत नाही तोवर थांब. चुलीजवळ मात्र ठेवू नकोस.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळव.

आणि जमेल तेव्हा म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जाऊन ये. तिथं त्यांची मूळ चित्रं आहेत. मोबाइलवर त्वचेचा रंग एकच दिसतो, तिथं त्याखालचा थर दिसेल.

अंबरचा थर झाला की बाकीचे रंग उघडण्याआधी माझ्याकडे टिळकवाडीला ये. कॅनव्हास ओला असेल तर चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे ठेवून त्यावर त्याच मापाचा कोरा कॅनव्हास पालथा बांध, म्हणजे बसच्या गर्दीत पुसणार नाही.

तुझा,
काका