व्हेपच्या दुकानात काम करू का, असं विचारलंस म्हणून

तुझा निरोप वाचला. कराडचा आहेस, सप्टेंबरात इथं मास्टर्सला येणार, ओळखीतल्या एका काकांचं व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, दुकान आहे, ते काम देतो म्हणतात आणि ‘पुढं भागीदार करून घेतो’ असंही म्हणतात. आपल्याकडं बंदी असलेला धंदा तिथं सरळ चालतो का, गिऱ्हाईक कसं सांभाळायचं, आणि ताई, एकटं वाटतं का, असं विचारलंस. चार ओळींत उत्तर देणार होते. आता रात्रीचे बारा वाजलेत.

मी सांगलीची, गावभागातली. तुमच्या कोयनेतून सोडलेलं पाणी आमच्या उंबऱ्याला लागतं, म्हणजे आपण लांबचे का होईना, नातेवाईकच. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन व्हेपच्या दुकानात गेली.

व्हिसा, फी, खात्यात किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही. फक्त आपली मुलं वाचत नाहीत ती ओळ सांगते. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वतःचा धंदा करता येत नाही. त्यामुळं ‘भागीदार’ शब्दाला भुलू नकोस. काका मायेनं म्हणत असतील, पण सही तुझी असणार आणि व्हिसाही तुझाच जाणार.

कागदांचा मात्र मला अजून राग आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमची ट्रंक भिजली, लग्नाच्या दाखल्यावरची शाई पसरली. नवीन काढला तर त्यात माझ्या नावाच्या स्पेलिंगमधला एक ‘एच’ गायब. तो एच परत मिळवायला साडेतीन महिने आणि किती हेलपाटे गेले ते विचारू नकोस. इथं आल्यावर वेगळीच गंमत. पासपोर्टवर माझ्या नावापुढं नवऱ्याचं नाव, त्यामुळं दवाखान्यात मला नवऱ्याच्याच नावानं हाक मारतात. पहिल्यांदा मी उठलेच नाही, नंबर गेला. तू पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघ. आजच.

आता दुकान. वडिलांचं किराणा होतं. गिऱ्हाईकानं किलोभर हळद मागितली तर म्हणायचे, ‘ही गेल्या सालची आहे, रंग आहे पण वास उतरलाय, पावच न्या.’ आई चिडायची. अख्ख्या गल्लीत तंबाखूची पुडी न ठेवणारं ते एकच दुकान. त्यांची मुलगी आज निकोटिन विकते. दर रविवारी फोनवर विचारतात, ‘दुकान कसं चाललंय?’ मी त्यांना जनरल स्टोअर सांगितलंय. एकदा म्हणाले, ‘हळद ठेवता का?’ म्हटलं, ठेवतो की.

पण काम मी त्यांच्याकडूनच शिकले. आलेल्या माणसाला आधी फ्लेवर विचारायचा नाही. दिवसाला किती सिगारेटी ओढता आणि उठल्यावर पहिली किती वेळात लागते, हे विचारायचं. डोळे उघडल्या उघडल्या पाकीट शोधणाऱ्याला मिलीला ३ मिलिग्रॅम निकोटिन असलेलं लिक्विड दिलं तर त्याची तलफ भागत नाही, चार दिवसांत तो सिगारेटवर परत जातो आणि ‘व्हेप काही कामाचं नाही’ असं सांगत फिरतो. त्याला लहान पॉड (छोट्या टाकीचं व्हेप) आणि २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट (घशाला कमी लागणारं निकोटिन) द्यायचं. २० च्या वर इथं कायद्यानं विकताच येत नाही. बाटली १० मिलीची, टाकी २ मिलीची, हे २०१६ पासूनचे नियम. यापेक्षा मोठी टाकी काउंटरखालून निघाली तर समजायचं माल चोरवाटेचा आहे. सहा महिन्यांनी तोच माणूस आला की आपणहून विचारायचं, आता १० वर उतरायचं का? मालक डोळे वटारतो, कारण उतरत गेलेलं गिऱ्हाईक एक दिवस सुटतं.

नवीन कॉइल (लिक्विड तापवणारी तार, कापसात बसवलेली) बसवली की लिक्विड भरून दहा मिनिटं थांबायला सांगायचं. नाहीतर आतला कापूस कोरडाच जळतो, घशाला ठसका बसतो आणि माणूस भांडायला येतो. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, तरी निम्मी दुकानं सांगत नाहीत, कारण जळलेली कॉइल म्हणजे नवीन कॉइलची विक्री. गोड फ्लेवरनं कॉइल लवकर काळी पडते, तेही सांगायचं. ‘हे बिनधोक आहे का?’ असं विचारलं तर म्हणायचं, सिगारेटपेक्षा कितीतरी कमी घातक, पण बिनधोक नाही. आणि कधीच सिगारेट न ओढलेला पोरगा हौसेनं आला तर त्याला वाटेला लावायचं. मी लावते. महिन्याच्या हिशोबात ते कुठं दिसत नाही.

वयाचं मात्र डोक्यात पक्कं ठेव. १८ च्या आतल्याला विकलं तर दंड मालकालाच होतो असं नाही, ज्यानं हातात दिलं त्यालाही होतो, २,५०० पौंडांपर्यंत. पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचं, शिव्या खायच्या. ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हणजे दुकानं तपासणारे सरकारी लोक, मुद्दाम लहान मुलांना पाठवून परीक्षा घेतात. आणि सुट्टीला गावी जाताना मित्रांसाठी एखादं ‘सँपल’ बॅगेत टाकू नकोस, आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं आणणंसुद्धा गुन्हा आहे.

मुलीचं तू विचारलं नव्हतंस, तुला अजून मूल नाही. तरी लिहिते. आम्ही आलो तेव्हा ती तिकडं चौथीत होती, इथं वयानुसार पाचवीत बसवली, तेही सात आठवडे घरी काढल्यावर. गणितात तिला सगळ्यात खालच्या टेबलावर बसवली. पोरीला एकोणतीसपर्यंतचे पाढे येत होते! उदाहरणातलं इंग्रजी कळत नव्हतं, एवढंच. पालकसभेत दहा मिनिटं मिळतात, त्यात बाई तीनदा ‘लव्हली’ म्हणाल्या. दीड वर्षानं वरच्या टेबलावर नेली. ते दीड वर्ष मी कुणाकडं मागू? आता ती मोठ्या शाळेत आहे. मागच्या महिन्यात शाळेचं पत्र आलं, मुलांच्या दप्तरांत व्हेप सापडताहेत, पालकांनी लक्ष द्यावं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि काही न बोलता खोलीत गेली. मैत्रिणींना ती ‘आई शॉपमध्ये असते’ एवढंच सांगते. आम्ही दोघी एकाच गोष्टीवर खोटं बोलतो, ती इथं, मी सांगलीत.

एकटेपणा असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो. दिवा लाव आणि कुणाला तरी जेवायला बोलव. बास.

एक गोष्ट मालकालाही माहीत नाही. १ जून २०२५ पासून इथं डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकायच्या, व्हेपवर बंदी आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडं खोकीच्या खोकी पडून होती आणि मालकानं सांगितलं होतं, काहीही करा पण संपवा. एक बाई आली, साठीची, सफाईकाम करणारी, हात तडकलेले. तीस वर्षं ओढते, नातवासाठी सोडायची म्हणाली. तिला भरून वापरायचं साधं किट द्यायला हवं होतं, ते पुढं वर्षभर चाललं असतं. मी तिला डिस्पोजेबलचे दहा नग दिले, ‘सोपं पडेल’ म्हणून. आठवड्यानं ते बाजारातूनच जाणार, हे सांगितलं नाही. तिनं सुटे पैसे मोजून दिले. ती परत आली नाही. कदाचित दुसऱ्या दुकानात गेली असेल, कदाचित पाकिटावर परत गेली असेल. दार वाजलं की मी अजून बघते.

काकांना होकार देण्याआधी एवढं विचार: सिगारेट न ओढणारा माणूस दुकानात आला तर तुम्ही त्याला काय देता? आणि जून २०२५ मध्ये उरलेल्या मालाचं काय केलंत? काय म्हणाले ते मला कळव, रात्री अकरानंतर लिही, तोवर दुकान बंद झालेलं असतं.