‘उघडलेली लेन्स परत घेत नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकतं का?

प्रश्न : महिनाभर वापरायच्या कॉन्टॅक्ट लेन्सची सहा पाकिटं मी ऑनलाइन मागवली. दुकानापेक्षा जवळपास निम्म्या किमतीत मिळाली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासले होते, पण दुकानदाराने लेन्सचा नंबर लिहून दिला नाही; ‘लेन्स आमच्याकडूनच घ्या’ म्हणाला. म्हणून चष्म्याचाच नंबर टाकला. खोका आलाच नाही, सुटी पाकिटं पिशवीत भरून आली. तिसऱ्या आठवड्यात उजवा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी बुबुळावर जखम आणि जंतुसंसर्ग असल्याचं सांगितलं. दहा दिवस कामावर जाता आलं नाही. विक्रेता म्हणतो, ‘उघडलेली लेन्स परत घेत नाही, तसं आधीच लिहिलंय.’ संकेतस्थळवाले म्हणतात, ‘आम्ही फक्त मध्यस्थ.’ खरं सांगते, दोनदा दुपारी मी लेन्स घालून झोपले होते. मला पैसे आणि उपचाराचा खर्च मिळेल का, की चूक माझीच ठरेल?

उत्तर : तुम्ही झोपल्याचं लपवलं नाहीत, हे फार बरं केलंत. ती गोष्ट आज मला कळली म्हणून तिची तयारी करता येईल. ग्राहक आयोगापुढे उलटतपासणीत पहिल्यांदा बाहेर आली असती, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास गेला असता.

कायद्याकडे वळण्याआधी एक काम आजच करा. त्या डोळ्यातून काढलेली लेन्स, लेन्सची डबी, सोल्यूशनची बाटली, फोडलेल्या पाकिटाचं झाकण आणि न फोडलेली पाकिटं, यातलं काहीही टाकू नका आणि धुऊ नका. डॉक्टरांना विचारा की बुबुळावरचा नमुना तपासायला पाठवला होता का, आणि लेन्स व डबी यांचीही तपासणी अजून होऊ शकते का. दोन्हीकडे एकच जंतू सापडला तर तुमची बाजू बरीच मजबूत होते. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालेलं असतं. घाबरून माणूस लेन्स कचऱ्यात टाकतो आणि मग हातात फक्त लाल डोळ्याचा फोटो उरतो.

आता विक्रेत्याचं म्हणणं. ‘उघडलेला माल परत घेत नाही’ ही अट मनासारखा नसलेला माल परत करण्यापुरती ठीक आहे. सदोष मालाला ती लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधला 6 वा नियम सांगतो की माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष माल परत न घेणं आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रेत्याने संकेतस्थळावर लिहिलेली ओळ कायद्यापेक्षा मोठी होत नाही.

मग माल सदोष होता हे दाखवायचं कसं? लेन्स उघड्या डोळ्यांना चांगलीच दिसते. म्हणून मी तुम्हाला आधी पाकीट बघायला सांगेन. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि कॉन्टॅक्ट लेन्सही त्यातच मोडते. नंबर नसलेली, केवळ डोळ्यांचा रंग बदलणारी लेन्ससुद्धा. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच किंवा लॉट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, निर्जंतुक असल्याची नोंद आणि परवाना क्रमांक लागतो. माल बाहेरून आलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांकही लागतो. विकणाऱ्याकडेही राज्याच्या औषध प्रशासनाचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा औषधविक्रीचा परवाना असावा लागतो. तुमच्या सुट्या पाकिटांवर यातलं काय आहे आणि काय नाही, ते भिंगाखाली धरून एका कागदावर उतरवा. फोटो काढा. तारखेवर चिकटपट्टी लावून दुसरी तारीख टाकली असेल तर ती पट्टी उचकटू नका. ती तपासणाऱ्याच्या हातून निघू द्या. ‘दोष’ या शब्दाच्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या व्याख्येत कायद्याने राखायला हवा असलेला दर्जा न राखणंही येतं. त्यामुळे आयातदाराचा पत्ताच नसलेली लेन्स विकणं ही किरकोळ चूक म्हणून सुटत नाही. औषध कायद्याचं कलम 26 खरेदीदाराला शुल्क भरून सरकारी तपासणी करून घेण्याचा हक्क देतं. न फोडलेली पाकिटं त्यासाठीच जपायची.

आता तुमच्या झोपण्याकडे येऊ, कारण सामनेवाल्याचा वकील सगळा भर तिथेच देणार. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 87 म्हणतं की इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा चालत नाही. लेन्स घालून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे आणि तुम्ही ते नाकारू नये. पण त्याच कायद्यातलं कलम 86 वाचा. उत्पादकाने दिलेल्या सूचना आणि धोक्याचे इशारे विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोचवले नाहीत आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता जबाबदार धरला जातो. ‘झोपताना काढा, पाण्याने धुऊ नका’ हे सगळं लिहिलेलं असतं ते खोक्यावर आणि आतल्या माहितीपत्रकावर. तुमच्याकडे खोकाच आला नाही! ज्याने सूचना काढून घेऊन माल पाठवला, त्याने ‘सूचना पाळल्या नाहीत’ असं म्हणावं, हे मला पटत नाही आणि आयोगापुढेही मी हेच ठामपणे मांडेन. याच कलमात दुसरा आधारही आहे. उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा तो भारताच्या कायद्याच्या पकडीत येत नसेल, तर विक्रेत्यालाच उत्तर द्यावं लागतं.

तरीही हे नक्की जिंकाल असं मी लिहून देणार नाही. यापूर्वीही तुम्ही लेन्स वापरत असाल, तर ‘यांना हे आधीच माहीत होतं’ असा मुद्दा येईल आणि त्याला वजन असेल. चष्म्याचा नंबर टाकल्याचाही मुद्दा निघेल. चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असतो आणि लेन्स बुबुळावरच बसते, म्हणून चारपेक्षा जास्त नंबर असेल तर दोन्हींचे नंबर सहसा वेगळे येतात. शिवाय लेन्सला वक्रता आणि व्यास यांची मापं लागतात, ती चष्म्याच्या चिठ्ठीत नसतात. माप चुकलं तर लेन्स घट्ट बसते किंवा सरकत राहते. म्हणून डॉक्टरांकडून संसर्गाचं संभाव्य कारण त्यांच्याच शब्दांत लेखी घ्या. त्यांना ‘लेन्समुळेच झालं असं लिहा’ म्हणून गळ घालू नका. भिडेखातर लिहिलेला दाखला उलटतपासणीत टिकत नाही. आणि ऑर्डर देताना विक्रेत्याने लेन्सचं प्रिस्क्रिप्शन मागितलं होतं का, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मागितलंच नसेल तर त्याची निष्काळजी त्यातून दिसते.

संकेतस्थळाचं ‘आम्ही मध्यस्थ’ हे उत्तर अगदीच पोकळ नाही, मध्यस्थाला कायद्याचं काही संरक्षण असतं. पण त्यालाही कर्तव्यं आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, 48 तासांत पोच द्यायची, महिन्यात तक्रार मार्गी लावायची आणि ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याची माहिती द्यायची. आधी त्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा आणि विक्रेत्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक मागा. आयोगात जाताना विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांनाही सामनेवाला करा. कोणावर किती जबाबदारी ते आयोग ठरवेल, तुम्ही आधीच एकाला सोडून देऊ नका.

प्रक्रिया तुम्हाला वाटते तेवढी अवघड नाही. पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. मधल्या काळात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधीकधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मागणी लिहिताना मात्र दोन भाग वेगळे ठेवा. लेन्सचे पैसे सदोष माल म्हणून मागा. उपचार, बुडालेला पगार आणि इजेमुळे झालेला मनस्ताप उत्पादन दायित्वाखाली मागा, कारण त्या दाव्यासाठीच्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत. ऑनलाइन संभाषणाच्या प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे तांत्रिक हरकत उरत नाही.

राहिला नंबर न देणारा दुकानदार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं असतं तर सोपं होतं. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. चष्म्याच्या दुकानातल्या तपासनीसाला तो नियम थेट लागत नाही. तुम्ही तपासणीचे वेगळे पैसे दिले असतील आणि त्याची पावती असेल, तर निष्कर्ष न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, नोटीस द्या. तपासणी फुकट झाली असेल, तर त्या वादात शक्ती घालवू नका.

पुढच्या वेळी तपासणीचे पैसे देऊनच तपासा आणि नंबर, वक्रता, व्यास, लेन्सचं नाव हे सगळं लिहून घ्या. तो कागद हातात असला की तीच लेन्स चार नोंदणीकृत विक्रेत्यांकडे विचारून जो स्वस्त देईल त्याच्याकडून घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात, आणि खरी बचत तिथेच होते. आठवड्यातून एखाददोन दिवसच लेन्स लागत असेल तर रोज फेकायच्या लेन्सचा हिशेब करून बघा. सोल्यूशन आणि डबीचा खर्च वाचतो. एकदम जास्त खोके घेताना मुदतीची तारीख आणि नंबर बदलण्याची शक्यता दोन्ही बघा. महिन्याची लेन्स पाकीट फोडल्यापासून महिनाभराची असते, ती तीस वेळा घालायची नसते. जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतून पुरवू नका. डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका, त्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळाला फार वाईट संसर्ग करतो. आणि ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या. या पत्रात सांगितलेला प्रत्येक हक्क त्या बिलावर उभा आहे.

हा प्रकार औषध प्रशासनाला आणि वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला 1800-180-3024 या क्रमांकावर जरूर कळवा. तुमच्या पाकिटावरच्याच लॉटच्या लेन्स आज आणखी कोणाच्या तरी डोळ्यात असतील. तुमची उरलेली पाकिटं मात्र डोळा बरा झाला तरी फोडू नका.