वाचकांचे प्रश्न : एक इंजिन, एक पंखा

प्रश्न : सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, पिलाटस पीसी-12 विमान जवळून पाहिले. धूर बाहेर टाकणारी दोन्ही नळकांडी नाकापाशी, पंख्याच्या लगेच मागे आहेत. मग हवा आत शिरते कुठून? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : इंजिन उलट्या तोंडाने बसवलेले असते. हवा नाकाखालच्या तोंडातून आत येते, थेट मागच्या टोकाला जाते आणि जाळीतून इंजिनात शिरते. तिथून पुढे सरकताना ती दाबली जाते, इंधनासह जळते आणि पुढच्या नळकांड्यांतून बाहेर पडते. या पीटी-6 इंजिनातली खरी गंमत मात्र वेगळीच आहे. आत दोन स्वतंत्र टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणारी पात्यांची चाके, असतात. पहिली हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवते, मिनिटाला 37 हजारांहून जास्त फेऱ्यांनी. दुसरी गिअरबॉक्समार्फत पंखा फिरवते. दोघींना जोडणारा शाफ्ट (दांडा) नाही, फक्त तापलेला वायू. दुसरीच्या तीस हजारांच्या घरातल्या फेऱ्या गिअरबॉक्स 1,700 वर आणतो.

त्यामुळे चालू करताना स्टार्टरला पंख्याचे ओझे ओढावे लागत नाही. तरीही इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते चालू करतानाच. जुन्या पीसी-12 मध्ये कॉम्प्रेसर 13 टक्के गती पकडेपर्यंत थांबून मग इंधन सोडतात. बॅटरी अशक्त असेल तर कॉम्प्रेसर रेंगाळतो, हवा कमी पडते, इंधन तेवढेच जळते आणि तापमानाचा काटा सेकंदांत मर्यादेपलीकडे जातो. तेव्हा इंधन तत्काळ तोडायचे आणि स्टार्टरने नुसती हवा खेळवायची. थोडी वाट पाहू म्हटले की टर्बाइनची निकेल-मिश्रधातूची पाती गेलीच. 2019 मध्ये आलेल्या एनजीएक्स या नव्या पीसी-12 मध्ये इंधनाचा हिशोब संगणक ठेवतो, पण बॅटरीची तपासणी तिथेही चुकत नाही.

प्रश्न : मे महिन्याच्या उन्हात पूर्ण भाराने उडता येते का? (निपाणी)

उत्तर : सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान 10 अंश. दुपारी 36 अंश असतील तर 26 अंश जास्त. दर अंशाला सुमारे 120 फूट धरले की विमानाला हवा 5,600 फुटांवर असावी तशी विरळ लागते. एनजीएक्सचे इंजिन मुळात 1,825 अश्वशक्तीचे, पण 1,200 वर बांधून ठेवलेले. त्यामुळे उन्हातही शक्ती सहसा कमी पडत नाही. विमानाला उचलणाऱ्या दोन बाजूंच्या पंखांना मात्र विरळ हवेत ती सवलत नाही. धाव लांबते, चढ मंदावतो. सांबऱ्याची सुमारे 2,300 मीटर धावपट्टी त्याला भरपूर पुरते.

खरी अडचण वजनाची. टाक्या काठोकाठ, म्हणजे सुमारे 1,520 लिटर भरल्या तर माणसे आणि सामान मिळून साधारण साडेचारशे ते पाचशे किलोच उरतात. बेंगळुरूला जायचे तर निम्म्या टाक्याही पुष्कळ होतात, राखीव इंधन धरूनसुद्धा. सवयीने टाक्या भरू नका.

प्रश्न : आमच्या जंगलावर इंजिन बंद पडले तर? (खानापूर)

उत्तर : तेलाचा दाब गेला की स्प्रिंग आणि वजने पंख्याची पाती वाऱ्याला धारेने उभी करतात, अडथळा घटतो. मग पीसी-12 दर हजार फुटांमागे साडेचार किलोमीटरच्या आसपास तरंगत जाते. बेळगाववर 25,000 फुटांवर असाल तर जमिनीपासून 22,500 फूट, म्हणजे शंभर किलोमीटर. हुबळी टप्प्यात. गोव्याचे मोपा विमानतळही, पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून त्यावर भिस्त नको. कोल्हापूर अगदी काठावर.

खानापूरवर 8,000 फुटांवर असाल तर मात्र 25 किलोमीटरच हातात राहतात आणि सांबरा 27 किलोमीटर. म्हणून घाट ओलांडताना 12,000 फुटांखाली रेंगाळू नये आणि चढ शक्यतो सांबऱ्याजवळच पूर्ण करावा.