'रेस निवडा' मराठीत कसं म्हणायचं? वंश, जात, योनी की आणखी काही

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्यांच्या मित्राने 'स्कायरिम' या संगणकावरच्या खेळासाठी एक मॉड, म्हणजे खेळात भर घालणारा हौशी बदल, बनवलाय. त्यात खेळायला एक नवी 'रेस' (खेळाडूने आपल्या पात्रासाठी निवडायचा कल्पित लोकांचा प्रकार) आहे, तिची लांबलचक पूर्वकथा आहे, आणि या सगळ्याचं मराठी वर्णन यांच्या गळ्यात पडलंय. 'रेस'ला वंश म्हणावं, जात म्हणावं की प्रजाती? आणि 'लोर'ला, म्हणजे खेळाच्या दुनियेमागच्या कथांना, काय म्हणावं?

'प्रजाती' आधी बाजूला काढू, कारण तिथे एक जुना घोळ आहे. वर्तमानपत्रांत 'पक्ष्यांची दुर्मीळ प्रजाती' असं सर्रास छापून येतं. तो हिंदीतून आलेला वापर. मराठी शाळेत आपण वर्गीकरणाची उतरंड पाठ केली ती सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी. म्हणजे मराठी परिभाषेत प्रजाती हा वरचा गट आणि स्पीशीज म्हणजे जाती. पण मुद्दा नुसत्या परिभाषेचाही नाही. या खेळाच्या दुनियेत, टॅम्रिएलमध्ये, माणसं आणि एल्फ (टोकदार कानांचे कल्पित लोक) यांच्यात लग्नं होतात, मुलं होतात. ब्रेटन लोक तर अशाच मिश्रणातून आलेले. या खेळांच्या मालिकेत वाचायला मिळणाऱ्या एका पुस्तकात (त्याचं नावच 'नोट्स ऑन रेशियल फायलॉजेनी') म्हटलंय की मूल बहुतेक आईच्या रेसचं होतं, बापाची थोडी छटा राहते. आपल्याकडे 'पोरगं आईवर गेलंय' म्हणतात, तसं. जिथे सोयरीक जुळते तिथे जीवशास्त्राचा शब्द लावला की वाचणाऱ्याला प्राणिसंग्रहालयात उभं राहिल्यासारखं वाटतं.

आता 'जात'. मी निव्वळ भाषेपुरतं बोलायचं तर हाच सगळ्यात नेमका शब्द. भाताच्या जाती, आंब्याच्या जाती, म्हशीची पंढरपुरी जात, 'साप कुठल्या जातीचा होता?', 'जातिवंत घोडा', 'जात्याच हुशार'. जन्माने जे अंगात येतं ते सगळं या शब्दात आहे, आणि खेळातल्या रेसचा अर्थ तोच: नॉर्डला थंडी कमी बाधते, ब्रेटनवर जादू कमी चालते, आर्गोनियनला पाण्याखाली श्वास घेता येतो, आणि यासाठी कुणी काही शिकलेलं नसतं. पण पडद्यावर 'तुमची जात निवडा' अशी पाटी डोळ्यासमोर आणा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा रकाना आठवल्याशिवाय राहील का कुणाला? आणि जी गोष्ट आपल्याकडे कुणालाच कधी निवडता आली नाही, तिच्यापुढे 'निवडा' हे क्रियापद? शब्द अचूक असून उपयोग नाही. मी तो वापरणार नाही.

गंमत अशी की इंग्रजीवालेही 'रेस'पासून दूर पळताहेत. 'पाथफाइंडर' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाने २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'अँसेस्ट्री' हा शब्द घेतला, आणि तशाच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४च्या नियमपुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं. त्याचं पाठ्यपुस्तकी मराठी केलं तर? जाती. ते आगीतून बाहेर पडतात आणि आपण नेमके फुफाट्यात.

माझा लाडका शब्द वेगळाच आहे, आणि तोही चालणार नाही हे आधीच कबूल करतो. योनी. चौऱ्यायशी लक्ष योनींतली योनी. अमरकोशात एक श्लोक आहे: 'विद्याधराप्सरोयक्षरक्षोगन्धर्वकिन्नराः । पिशाचो गुह्यकः सिद्धो भूतोऽमी देवयोनयः ॥' मोजून पाहा, दहा होतात. स्कायरिमच्या मेनूतही खेळायला दहाच. गंधर्व, यक्ष, किन्नर अशी यादी कोशकाराने एका दमात दिलीय आणि वर त्या सगळ्यांना मिळून एक नावही दिलंय. कल्पित लोकांच्या प्रकाराला याहून नेटका जुना शब्द मला माहीत नाही. हौसेने मी हे सगळे शब्द एका कागदावर मेनूसारखे मांडून नववीतल्या भाच्याला दाखवले. 'योनी निवडा' वाचून तो जो हसत सुटला, तो पाणी प्यायल्यावरच थांबला. विषय संपला.

उरतो 'वंश', आणि मेनूसाठी माझं मत त्यालाच. मानववंशशास्त्रामुळे हा शब्द 'रेस' या अर्थाने रुळलेला आहे. मुळात वंश म्हणजे बांबू, पेऱ्यावर पेरं चढत जाणारा. म्हणून सूर्यवंश, निर्वंश, वंशाचा दिवा. हा पिढ्यांचा अर्थ टॅम्रिएलला बेतल्यासारखा बसतो, कारण तिथल्या बहुतेक रेसना पूर्वज आहेत आणि त्या पूर्वजांचं काहीतरी झालेलं आहे. डनमर हे मूळचे चायमर. अझुरा या देवीच्या शापाने त्यांची कातडी राखाडी आणि डोळे लाल झाले. ऑर्क दिसायला कसेही असले तरी ऑर्सिमर, म्हणजे एल्फांचीच एक शाखा. अशा कथा 'वंश' शब्दात सहज मावतात.

एक अडचण मात्र येते. सेप्टिम हे त्या दुनियेतलं सम्राटांचं घराणं. त्यालाही वंश म्हटलं तर 'सेप्टिम वंशाचे सम्राट इंपीरियल वंशाचे होते' असलं वाक्य लिहायची पाळी येईल. म्हणून शिस्त ठेवा: रेस तो वंश, डायनॅस्टी ते घराणं. 'सेप्टिम घराणं' कानालाही बरं वाटतं, भोसले घराण्यासारखं.

खजीट हे मांजरमाणसं. त्यांच्यात पोटप्रकार आहेत, आणि मूल कुठल्या प्रकारचं होणार हे त्याच्या जन्माच्या वेळी मॅसर आणि सेकुंडा या दोन चंद्रांच्या कला कशा आहेत त्यावर ठरतं. एकाला अल्फिक, म्हणजे घरातल्या मांजरीएवढा देह मिळेल, तर दुसरा सेंचे होईल, पाठीवर बसून जाता येईल एवढा. याला मी 'गण' म्हणेन. आपल्या पत्रिकेत चंद्र जन्माच्या वेळी ज्या नक्षत्रात असेल त्यावरून देवगण, मनुष्यगण, राक्षसगण ठरतो. चंद्र पाहून प्रकार ठरवायचा हा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, गण जुळत नाहीत म्हणून मोडलेली स्थळं प्रत्येकाला माहीत असतात.

आता ज्या जागी मराठी वर्णनं हमखास घसरतात ती जागा. मॉड करणारा जेव्हा 'रेस' म्हणतो, तेव्हा त्याला दरवेळी वंश म्हणायचं नसतं. स्कायरिमचे मॉड बनवायचं क्रिएशन किट हे साधन २०१२च्या फेब्रुवारीत सगळ्यांना मिळालं. त्यात रेस नावाची यादी उघडली की नॉर्ड, डनमर तर असतातच. पण त्याच रांगेत कोंबडी असते, कुत्रा असतो, ड्रॅगन असतो. नॉर्ड मुलांसाठी वेगळी 'नॉर्डरेसचाइल्ड' असते. म्हाताऱ्या माणसांची 'एल्डररेस' असते. म्हातारपण हासुद्धा एक वंश! आणि खेळता खेळता तुम्हाला व्हॅम्पायरपणाची बाधा झाली, तर पडद्यामागे तुमची 'नॉर्डरेस' काढून तिथे 'नॉर्डरेसव्हॅम्पायर' बसवली जाते. नवी रेस आणणाऱ्या मॉडची गाडी इथेच अडते: व्हॅम्पायरची जोडी बनवली नसेल तर बदलायला काही सापडतच नाही. या एका दुखण्यासाठी लोकांनी स्वतंत्र मॉड करून ठेवलेत.

ही रेस म्हणजे हाडं, कातडी, उंची, अंगचे गुण यांचा एक साचा. तेव्हा तिला 'साचा'च म्हणा. मग मित्राच्या मॉडचं वाक्य असं होईल: 'नव्या वंशासाठी दोन साचे दिले आहेत, एक नेहमीचा आणि एक व्हॅम्पायरचा.' दोन्हीकडे 'वंश' घालून हेच वाक्य लिहून बघा, डोकं धरून बसाल.

संवादांत तर यातला एकही शब्द नको. आपण बोलताना 'तो कानडी वंशाचा आहे' म्हणतो का? 'ते कानडी लोक' म्हणतो. तसंच 'डनमर लोक', 'हा नॉर्ड दिसतो'. खेळाच्या सुरुवातीला गाडीतून उतरवलेल्या कैद्याला शिपाई विचारतो, तू कोण आहेस? आणि त्या क्षणी रेस निवडायचा मेनू उघडतो. उत्तर तिथेच आहे. मेनूच्या डोक्यावर 'तू कोण?' एवढंच लिहिलंत तरी काम भागेल. माझी आजी अनोळखी माणसाला 'तुम्ही कुठले?' विचारायची आणि त्या एका प्रश्नात तिला हवं ते सगळं काढून घ्यायची.

'लोर'साठी मी 'पुराण' सुचवतो. 'काय पुराण लावलंय' मधली चेष्टा त्याला चिकटलेली आहे, असू दे, ती या प्रकाराला शोभते. खरं कारण वेगळं आहे. पुराणं एकमेकांशी पटवून घेत नाहीत, आणि या खेळांचं लोरही नाही. याच मालिकेतल्या आधीच्या 'मॉरोविंड' या खेळात नेरेवार हा जुना वीर कसा मेला याची मंदिरवाल्यांची कथा एक आणि अ‍ॅशलँडर लोकांची दुसरी. मंदिराच्या कथेत तो लढाईत झालेल्या जखमांनी जातो, दुसऱ्या कथेत त्याच्याच सल्लागारांनी त्याला मारलेलं असतं, आणि ते सल्लागार म्हणजे मंदिरात पुजले जाणारे देव. खेळ शेवटपर्यंत निकाल देत नाही. याला 'इतिहास' म्हटलं तर चुकेल, 'दंतकथा' म्हटलं तर हलकं होईल. 'लोर-फ्रेंडली' मॉडला 'पुराणाला धरून' म्हणा. आणि ड्वेमर लोक पहिल्या युगात रेड माउंटनच्या लढाईत एका क्षणात नाहीसे झाले हे ठाऊक असूनही कुणी ड्वेमर म्हणून खेळण्याचा मॉड काढला, तर 'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण तयारच आहे.

नावांचं भाषांतर करू नका. 'मर' म्हणजे त्यांच्याकडे एल्फ लोक, बॉसमर म्हणजे वनातले, ऑल्टमर म्हणजे उच्च. 'वनजन', 'उच्चजन' करून पाहिलं, एकदम सरकारी योजनेची नावं वाटली. तेव्हा मूळ नावंच ठेवा. फक्त छापण्याआधी 'बॉसमर' हा शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाही ना, एवढं बघा. माझ्या कागदावर 'बॉस' वरच्या ओळीत राहिलं होतं आणि 'मर' खाली आलं होतं.